दोन दुरड्या

निंगव्वाची लेक बसव्वा, बसव्वाची संगव्वा आणि संगव्वाची गौरव्वा. विजापूरकडची ही गौरव्वा नवरा-लेकरांसह जानेफळला आली आणि महिन्याभरातच विधवा झाली. मरणाच्या घरी चूल पेटत नाही, भाकरी शेजारी आणतात. पण त्या परक्या बाईच्या दारी कोणीच आले नाही. नवऱ्याला पोचवले त्या दिवशी लेकरांसाठी तिने स्वतःच चूल पेटवली.

पुढे गावात कोणाचेही मरण होवो, पहिली दुरडी तिचीच पोचे. तीळ लावलेली तिची कडक भाकरी पाहून शेजारच्या रुक्मिणीबाई हसत, "हे भाकर हाय का पापड वं, गौराबाई?"

"ते दातांना विचारा, बाई," ती म्हणे.

१९६८ साली गौरव्वा गेली. तिची नात शालू थंड चुलीपुढे बधिर बसून होती. रडू येत नव्हते, आणि दाराकडे पाहायचे तिने टाळले होते.

संध्याकाळी रुक्मिणीबाई आल्या. दोन दुरड्या, दोन्हींत तीळ लावलेल्या कडक भाकरी.

"दोन काऊन आणल्या, आजी?" शालूने विचारले.

 

"एक आजची. दुसरी तुहा आजा गेला तव्हाची. वीस वर्सं राह्यली होती आमच्याकडे."