मोठ्या आवाजाचा टॅब

"ताई, छोट्या टॅबवर तुमची ती बोलणारी वेबसाइट फटाफट उघडते. मोठ्यावर अटकते, पण आवाज दणदणीत," भिवंडीतला दुकानदार म्हणाला. मला आवाजच हवा होता. लकव्याने बाबांची वाचा गेली, ओठ हलेनासे झाले. आता त्यांनी डाव्या हाताने अक्षरं दाबायची आणि वेबसाइटने बोलायचं, एवढाच उपाय उरला होता. आईला वाचता येत नाही. कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात दोघांनी तीस वर्षं काढली. त्या खडखडाटात माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात. आईचे कान तिथेच गेले. घरी बाबांनी आईसाठी मोठ्या टॅबवर एकेक अक्षर शोधलं. वेबसाइट दोनदा अडकली. मग टॅब इतका ओरडला की रस्त्यावरची माणसं थबकली: "तुळजा, मी हाय." आईने टॅब उलटासुलटा करून पाहिला. "आलं का ऐकू?" मी विचारलं. माझ्या तोंडाकडे बघून ती म्हणाली, "रूपा, ह्याचे ओठ कुठं हायत?"