कुलपातले चेंडू

इंगवले सरांनी हरून आलेल्या संघाला मैदानाच्या कडेला उभं केलं आणि एकेकाचं तोंड न्याहाळलं. गेल्या वर्षी करंडक आणलेला कॉलेजचा संघ यंदा पहिल्याच सामन्यात पाच गोल खातो? कुणीतरी दगा दिलाय, एवढं नक्की.

"सरावाला कोण दांड्या मारत हुतं? खरं सांगा!"

"कुणीच न्हाई, सर," कॅप्टन खाली बघत म्हणाला. "रोज पहाटे येऊन मैदानाला चकरा मारायचो आन् घरी जायचो."

"आणि चेंडू?"

"खोलीत. पोरं चोरतील म्हणून किल्ली तुम्हीच घेतली. पहाटे किल्लीसाठी फोन केला की तुम्ही म्हणायचा, चॅम्पियन हाय आपण, पळा नुसतं."

सरांनी खिसा चाचपला. किल्ली होती. एकही चेंडू चोरीला गेला नव्हता.