कॉरिनचा फोन

फोन वाजला तेव्हा डोलोरेसचे दोन्ही हात पिठात होते. तिने कोपराने स्पीकर चालू केला आणि समोर बटाट्याचं सारण कालवत बसलेल्या आयरीनला, धाकट्या बहिणीला, नजरेनेच गप्प केलं.

"नमस्कार. मी दुभाषी, क्रमांक सात-एक-चार-शून्य. आपल्यासाठी..." बाईचा आवाज मध्येच थांबला. "एक क्षण थांबा."

क्षण लांबला. डोलोरेसला त्याचं काही वाटलं नाही. तिकडे रॉचेस्टरला तिचा बहिरा मुलगा थॅड खुर्ची सरकवत असेल, दिवा लावत असेल. तो पडद्यासमोर हातांनी बोलायचा. पडद्यावरची दुभाषी ते बघून डोलोरेसला तोंडाने सांगायची आणि डोलोरेसचं बोलणं हातांनी त्याला दाखवायची. दर वेळी माणूस वेगळा. नाव कधी कळत नसे, नुसता क्रमांक.

आईलेकाचं बोलणं वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. थॅड लहान असताना, तोंडाने बोलायला शिकावा म्हणून, डोलोरेस त्याला जेवणाच्या टेबलाशी त्याचे हात मांडीखाली दाबून बसायला लावायची. तो बोलायला शिकला नाही. तीही खुणा शिकली नाही.

"हॅलो आई, थॅड बोलतोय," आवाज म्हणाला. दुभाषी अशाच बोलत, जणू त्याच थॅड.

डोलोरेसने करंगळीने आपल्या बाजूचा आवाज बंद केला. मागे एकदा तिने आयरीनच्या कानात केलेली कुजबुज दुभाष्याने जशीच्या तशी थॅडला सांगितली होती. कानावर पडेल ते सगळं सांगायचं, गाळायचं काही नाही, असा त्यांचा नियम. तेव्हापासून ती सावध असे.

"आजची बाई बरी मिळाली," ती म्हणाली. "काय गोड आवाज आहे बघ."

"आवाजाचं राहू दे. खरंच सांगणारेस, डोली?"

"मग काय करू? जाऊ देऊ त्याला कॅलिफोर्नियाला, त्या बयेच्या मागे?"

"पकडली गेलीस तर?"

"कोण पकडणार? तो काय कान लावून ऐकणार आहे?"

आयरीन फिस्सकन हसली आणि मग हसल्याबद्दल स्वतःवरच चिडल्यासारखी सारण घोटू लागली.

थॅड मूकबधिरांच्या शाळेत गणित शिकवायचा. जूनमध्ये तो आणि कॉरिन लग्न करणार होते आणि तिकडच्या शाळेत तो रुजू होणार होता. होकार उद्या कळवायचा होता. कॉरिनला ऐकू यायचं. तिचे आईवडील मात्र बहिरे. डोलोरेसने तिचा फक्त फोटो पाहिला होता. ती फोनवरचं काहीतरी काम करते, असं थॅड एकदा सांगू लागला होता. "म्हणजे लोकांच्या गळ्यात काहीबाही मारते," असं म्हणून डोलोरेसने विषय संपवला होता.

तिने आवाज पुन्हा चालू केला.

"बाळा, बसलायस ना? मला एक सांगायचंय. कॉरिनने मंगळवारी मला फोन केला होता."

मग बाई म्हणाली, "दुभाषी बोलतेय. शेवटचं वाक्य पुन्हा सांगाल का?"

"कॉरिनने. मला. फोन केला होता. आणि हे बघ मुली, मी बोलते तसंच सांग. गाळू नकोस काही."

"सगळं सांगते आहे," बाई म्हणाली. मग थॅड म्हणून, "काय म्हणाली ती?"

"रडत होती रे. म्हणाली, जन्मभर बहिऱ्या आईबापांची उठबस केली, आता नवराही तसाच. तुला नाही म्हणवेना, म्हणून हो म्हणाली. दया आली तिला तुझी, थॅड."

डोलोरेसने एक गोल पारी उचलली, सारण भरलं, कडा दाबली. एवढं पुरे होतं, पण तिला राहवलं नाही. "म्हणाली, लोकांसमोर तू हात हलवायला लागलास की तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटतं."

हे सांगून व्हायला पलीकडे बराच वेळ लागला. डोलोरेसला बाईचा श्वास तेवढा ऐकू आला.

"तुला असं म्हणाली?" आवाज सरळ होता, जराही हलला नाही.

"माझ्याकडून शपथ घेतली, तुला सांगायचं नाही म्हणून. तू विचारलंस तर कानावर हात ठेवेल. पण मी आई आहे. मी नाही सांगणार तर कोण?"

"बरं केलंस सांगितलंस."

डोलोरेसने आयरीनकडे पाहून भुवया उडवल्या. आयरीनने मान खाली घातली.

"तू इकडे ये," डोलोरेस मऊ होऊन म्हणाली. "तुझी खोली तशीच आहे. आपल्या गावातल्या शाळेतही बघू काहीतरी."

"आई, एक विचारू? तिचा आवाज कसा आहे?"

"कसा म्हणजे?"

"मी कधी ऐकला नाही. ऐकणारही नाही. तू ऐकलायस. सांग ना."

डोलोरेस हसली. पिठाचे हात तिने अ‍ॅप्रनला पुसले.

"चिरका. नाकातून बोलते. आणि खोटा, थॅड. बाईमाणसाला कळतं ते पहिल्या शब्दात. नशीब तुझं, तुला रोज ऐकावा लागला नाही."

"पुन्हा ऐकलास तर ओळखशील?"

"हजारात ओळखेन."

शेगडीवरच्या पाण्याला उकळी आली होती. आयरीन उठली, पण भांड्यापर्यंत गेली नाही.

"मग अजून कसा ओळखला नाहीस, आई?" तो गोड आवाज म्हणाला. "मघापासून तू तोच ऐकते आहेस."