चाळीस हजार गाड्या

बँकेच्या साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि शिकाऊ अभियंता मुलगी टेबलाजवळ सरकली. महामार्गाला टोलच्या नव्या मार्गिका जोडायच्या तर कर्ज हवं, कर्जासाठी रोजच्या गाड्यांचा आकडा हवा. तो तिनंच काढला होता, रस्त्यावर आडवी रबरी नळी टाकून, नळीवरचे दणके मोजून. चाळीस हजार! "पोरीनं उन्हातान्हात मोजलेत," मुख्य अभियंते कौतुकानं म्हणाले. तेवढ्यात उघड्या खिडकीबाहेर, कचेरीच्या फाटकातल्या गतिरोधकावरून एक गाडी गेली. पुढची चाकं धप्प, मागची चाकं धप्प. एका गाडीचे दोन दणके! आकडा निम्मा करायचाच राहिला! ती अभियंत्यांच्या कानाशी वाकली. "सर, गाड्या वीसच हजार आहेत." "कालच कळलंय मला. गप्प बस," ते पुटपुटले आणि 'बाहेर गोंगाट फार' म्हणत त्यांनी खिडकी लावली. पेन कागदावर टेकलं. तिनं खिडकी सताड उघडली. "साहेब, सहीआधी पुढची गाडी ऐका."