प्रत्येकाकडे वैयक्तिक लक्ष

देवणीचे किराणा दुकानदार वीरभद्रआप्पा लेकीला, सृष्टीला, लातूरच्या क्लासवर परत सोडायला आले. दारावरच्या पाटीवर ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘प्रत्येकाकडे वैयक्तिक लक्ष.’

गणिताचे सर छाती फुगवून म्हणाले, “एका बॅचला साडेचारशे मुलं बसतात आप्पा, रोज दीड तास!”

आप्पांनी सवयीनं बोटांवर हिशोब केला. “म्हंजे एका लेकराच्या वाट्याला बारा सेकंद.”

सर उखडले. “तुमचं दुकानातलं त्रैराशिक इथं चालत नाही. कालच तुमच्या सृष्टीनं फळ्यावर गुणोत्तराचं गणित सोडवलं, सगळ्यात आधी!”

 

“काल ती तापानं देवणीत पडून व्हती, सर. म्हंजे तिचे बारा सेकंदबी दुसऱ्याच कुणाला गेले.”