लॉबीतले सोफे

"आजोबा, उभे का? बसा ना," आमच्या वृद्धनिवासाचा तरुण आर्किटेक्ट मला म्हणाला.

कशाला बसू? लॉबीत त्याने परदेशी सोफे मांडलेत, वीतभर उंचीचे, हात टेकायला काही नसलेले. पहिल्या दिवशी आम्ही सगळे हौसेने बसलो, तर उठवायला अटेंडंट बोलवावे लागले. तेव्हापासून आम्ही भिंतीला टेकून उभे असतो.

आज डिझाइनच्या पुरस्काराचे परीक्षक आले होते, पंचाहत्तरीचे. सोफा दिसताच 'वा' म्हणत त्यात रुतले. फोटो झाले, चहा झाला. मग ते उठायला गेले आणि धपकन मागे पडले. दुसऱ्यांदाही तेच. आर्किटेक्ट छत न्याहाळत राहिला. शेवटी माझ्या शेजारच्या केंकरेबाईंनी आपला वॉकर पुढे केला, तेव्हा गृहस्थ उभे राहिले.

चला, आता खुर्च्या येणार, असं मला वाटलं.

परीक्षकांनी घसा खाकरून पुरस्कार जाहीर केला. म्हणाले, "इथे बसलं की उठावंसंच वाटत नाही."

टाळ्या पडल्या. आर्किटेक्ट म्हणाला, "सर, बसा ना."

"नको, उभाच बरा," म्हणत ते आमच्या शेजारी भिंतीला टेकले. पाय लटपटत होते. या वेळी केंकरेबाईंनी वॉकर पुढे केला नाही.