टेबलाची पलीकडची बाजू

"आठवं चुकलंय," मटार सोलता सोलता सासूबाई म्हणाल्या.

सुनेनं मान वर केली. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या अलीकडं ती सरावाचं पुस्तक उघडून बसली होती, पलीकडं सासूबाई शेंगांचा ढीग घेऊन.

"आई, हे इंग्रजी आहे."

"दिसतंय मला. तू तिसऱ्या रेघेवर खूण केलीस. चूक पहिलीवर आहे."

उद्या परीक्षा होती. तिसरी खेप, आणि नियमाप्रमाणे शेवटची. नर्सिंगचं सगळं तिला तोंडपाठ होतं, इंग्रजी ऐकणं-बोलणंही जमत होतं. आडवी यायची ती फक्त वाक्यशुद्धी. वाक्यात चार ठिकाणी खाली रेघ मारलेली, त्या चारांतली चुकीची जागा ओळखायची. वीस वाक्यं, त्यातली चौदा बरोबर यायला हवीत. पहिल्या खेपेला अकरा आली, दुसऱ्या खेपेला बारा. नवरा दोन वर्षांपासून परदेशातल्या इस्पितळात होता आणि दर रविवारी लेकीला फोनवर तोंड उघडायला सांगून पडलेले दात मोजत होता. तिलाही तिथंच नोकरी मिळत होती, फक्त ही चौदा वाक्यं मधे होती.

तिनं मागची उत्तरं काढली. आठवं: ए. म्हणजे पहिली रेघ.

लागला असेल नेम, असं म्हणून तिनं नववं वाक्य दाखवलं. सासूबाईंनी फडक्याला बोटं पुसली आणि तर्जनी एकेका शब्दावरून नेली, तांदळातले खडे बघावेत तशी. दुसऱ्या रेघेशी बोट थांबलं.

"इथं."

बरोबर. दहावंही बरोबर. अकरावंही. सुनेनं मोठ्या आदरानं पुस्तक फिरवून सासूबाईंच्या बाजूनं सुलट केलं.

सासूबाईंचं बोट पहिल्याच ओळीत भरकटलं. पुन्हा मागं आलं, पुन्हा भरकटलं.

"अगं, काय केलंस हे? फिरव परत. सुलट मला धड वाचता येत नाही."

सुनेला हसू फुटलं. सासूबाई हसल्या नाहीत.

"इंग्रजी पुस्तकांच्या छापखान्यात एकतीस वर्षं खिळे जुळवलेत मी. एकेक अक्षर उचलायचं आणि ओळीत बसवायचं. समोरची ओळ कायम डोक्यावर उभी. ढीगभर पुस्तकं वाचली असतील मी, पण सगळी उलटी. सुलटी वाचली ती दुसऱ्यांनी."

"आणि अर्थ?"

"अर्थ कुठला बाई! यातलं एक वाक्य मला कळत नाही. पण प्रूफ तपासणारे साहेब होते ना, ते तांबड्या शाईनं खुणा करून कागद परत पाठवायचे. मग बांधलेली ओळ सोडायची, चुकीचा शब्द चिमट्यानं उपसायचा, दुसरा बसवायचा. कधी पुढच्या चार ओळी सरकवाव्या लागत. जिथं जिथं असा त्रास झाला, त्या जागा बोट विसरत नाही."

सुनेनं पुस्तक परत फिरवलं. "मला अर्थ कळतो, आणि तरी मी चुकते."

"कळतो म्हणूनच चुकतेस. पेशंटला काय झालंय ते कळलं, की तू पळालीस पुढं त्याला बरं करायला. मला काही कळत नाही, म्हणून मी प्रत्येक शब्दाच्या दारात उभी राहते."

बारावं बरोबर आलं, तेरावंही. चौदाव्याला बोट तिसऱ्या रेघेवर थांबलं. सुनेनं उत्तर बघितलं.

"ए दिलंय, म्हणजे पहिली रेघ. चुकलात तुम्ही, आई." तिच्या आवाजात थोडं हायसं वाटल्यासारखं होतं.

सासूबाईंनी बोट पुन्हा सुरुवातीला नेलं. पुन्हा तिसऱ्याशीच थांबलं. तिथून ते हलेना.

"शेवटचं पान उलट. पुठ्ठ्याच्या आत शुद्धिपत्र चिकटवलेलं असेल. आमच्याकडून सुटलं, की मागून घालायचे तसं."

"आई, आठ महिने हे पुस्तक माझ्या उशाशी आहे."

"उलट तर खरं."

पुठ्ठ्याच्या आत, शिवणीलगत, बोटाएवढी चिठ्ठी होती. सुनेनं ती आजवर दुकानाची समजून सोडून दिली होती. त्यावर एकच ओळ छापली होती. प्रश्न चौदा: ए ऐवजी सी.

तिनं ती ओळ दोनदा वाचली. मग टेबलावरच्या त्या हाताकडं बघत राहिली. सुरकुतलेला हात, वाकडी झालेली करंगळी, नखांत मटाराचा हिरवा रंग. रोज तिच्या लेकीची वेणी घालणारा हात.

"आई," ती हळूच म्हणाली, "मी पास झाले तर आम्ही दोघी जाऊ. मग तुम्ही इथं..."

"पंधरावं," सासूबाई म्हणाल्या.

सून उठली. आपली खुर्ची उचलून टेबलाला वळसा घालून तिनं ती सासूबाईंच्या शेजारी नेऊन ठेवली. पुस्तक होतं तसंच राहू दिलं.

डोक्यावर उभ्या अक्षरांत आधी तिला काहीच वाचता येईना. मग अक्षरं ओळखायला शिकणाऱ्या पोरीला सापडावा तसा तिला एकेक शब्द सुटा सुटा सापडू लागला. वाक्य कशाबद्दल होतं, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. पण चौथ्या रेघेपाशी तिचं बोट अडलं.

तिथं मटारानं हिरवं झालेलं एक बोट आधीच येऊन थांबलं होतं.